पडद्यावर १ टक्का, पेशीपाशी किती?

दर पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या प्रयोगशाळेत नवी मुलं येतात. सेल कल्चर, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवणं, बहुतेकांना येत असतं. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) बदलणं, पेशी मोजणं, फ्लास्क भरला की पुढच्या फ्लास्कात नेणं, यात हात बसलेला असतो. मग कुणाच्या तरी वाट्याला हायपोक्सियाचं, म्हणजे पेशींना कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून पाहण्याचं, काम येतं आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो, "ताई, एक टक्का सेट केलाय, प्लेट ठेवू का?" मी म्हणते, आधी वही काढ.

वही काढायची ती हिशेबासाठी. इनक्युबेटर म्हणजे पेशी वाढवायची उबदार पेटी; तिच्या पडद्यावरचा आकडा पेटीतल्या हवेचा असतो. पेशी त्या हवेत नसते. ती दोन-तीन मिलिमीटर मीडियमच्या तळाशी प्लास्टिकला चिकटून बसलेली असते. पुण्यातल्या जुन्या इमारतींमध्ये गच्चीवरची टाकी भरलेली असते आणि खालच्या एखाद्या नळाला करंगळीएवढी धार येते, तसंच हे आहे. टाकीची पातळी वाचून नळाला किती पाणी येतंय ते कळत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या नळापाशी काय येतंय हे समजून घेण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: पुण्याच्या हवेचा हिशेब

कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. हे प्रमाण मुंबईत, पुण्यात आणि सिंहगडावरही तेच. बदलतो तो दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा धरतात. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे तो ७११ च्या आसपास येतो. पेशीला टक्केवारी कळत नाही. तिच्यापर्यंत पोचणारा ऑक्सिजन त्याच्या आंशिक दाबावर (हवेच्या दाबातल्या त्याच्या एकट्याच्या वाट्यावर) ठरतो, म्हणून हिशेब दाबात करायचा.

इनक्युबेटरमध्ये ३७ अंशांना हवा पाण्याच्या वाफेने भरलेली असते. ती वाफ ४७ मिलिमीटर दाब घेते. ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणखी ३५ घेतो. ७११ मधून हे दोन्ही वजा केले की ६२९ उरतात, आणि त्याचे २०.९ टक्के म्हणजे १३१ मिलिमीटर पारा. हाच हिशेब मुंबईच्या किनाऱ्यावर केला तर १४१ येतो. साध्या कार्बन डायऑक्साइड इनक्युबेटरमध्ये वाढणाऱ्या पेशींना आपण सवयीने "२१ टक्क्यांवरच्या" म्हणतो. प्रत्यक्षात पेटीत साधारण १८.४ टक्केच ऑक्सिजन असतो. वहीत "२१" लिहिण्याची सवय पहिल्याच आठवड्यात मोडा.

इथे एक फसगत नेहमी होते. ऑक्सिजन मोजायचा सेन्सर कॅलिब्रेट करताना तो हवेचा दाब विचारतो. मुलं मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमधून १०१० हेक्टोपास्कल असा काहीतरी आकडा भरतात. तो आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. शिवाजीनगरला हवामान खात्याच्या सिमला ऑफिसच्या परिसरात उभं राहून दाबमापक वाचला तर तो ९५० च्या जवळपास दिसेल. सेन्सरला हा स्थानिक दाब हवा असतो. चुकीचा दाब भरला तर पुढचं प्रत्येक मोजमाप ६ टक्क्यांनी सरकतं. प्रयोगशाळेत साधा डिजिटल दाबमापक ठेवा, महाग नसतो.

दुसरी पायरी: तुमच्या पेशीचं घर कुठलं?

प्रयोगाचा आकडा ठरवण्याआधी ही पेशी शरीरात कुठे राहत होती, ते विचारा. फुफ्फुसाच्या वायुकोशात ऑक्सिजन साधारण १०० मिलिमीटर पारा असतो. रक्त ऊतींपर्यंत पोचेतो बराच खाली येतो. बहुतेक ऊतींमध्ये तो ३ ते ७ टक्क्यांच्या पट्ट्यात असतो, आणि अस्थिमज्जेत काही ठिकाणी त्याहूनही कमी. गाठींच्या आतल्या भागात १ टक्क्याच्या खाली उतरतो. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या गाठींचे काप मोजून दाखवलं होतं की, रक्तवाहिनीपासून १५०-२०० मायक्रोमीटरच्या पलीकडच्या पेशी मरतात. तिथवर ऑक्सिजन पोचतच नाही.

म्हणजे आपण ज्याला "नॉर्मल" म्हणतो ती १८ टक्क्यांची हवा बहुतेक पेशींसाठी अतिरेकच आहे. उंदराच्या भ्रूणातले फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) साध्या इनक्युबेटरमध्ये काही फेऱ्यांनंतर, म्हणजे एका फ्लास्कातून दुसऱ्यात काही वेळा नेल्यावर, म्हातारे होऊन वाढायचे थांबतात. त्याच पेशी ३ टक्क्यांवर वाढत राहतात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून मी नवीन माणसाला सांगते की, शक्य असेल तर तीन पातळ्या ठेव. साधी हवा, ऊतीजवळची ५ टक्के आणि हायपोक्सियाची १ टक्का. फक्त हवा आणि १ टक्का अशी तुलना केली तर दिसणारा फरक हायपोक्सियामुळे आहे की "अतिरेक काढून घेतल्यामुळे" आहे, हे सांगता येत नाही.

पेशी कुठून आल्या, याचीही नोंद घ्या. पुण्यात काम करणाऱ्यांना विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सचा पेशीसंग्रह हाकेच्या अंतरावर आहे, ही मोठी सोय. पण कुठल्याही संग्रहातली जुनी पेशीमाला (सतत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) वर्षानुवर्षं साध्या हवेत वाढत आलेली असते. तिला ५ टक्क्यांवर आणल्यावर लगेच प्रयोग सुरू करू नका. दोन-तीन फेऱ्या त्याच हवेत वाढू द्या.

पेशीला ऑक्सिजन "कळतो" कसा, हे थोडक्यात. हिफ-१ अल्फा नावाचं प्रथिन पेशी सतत बनवत असते आणि सतत मोडतही असते. ऑक्सिजन असला की काही एन्झाइम त्याच्या दोन प्रोलीनवर खूण करतात, ती खूण व्हीएचएल हे प्रथिन ओळखतं आणि हिफची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ साठतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. नवख्याने यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. खूण करणाऱ्या त्या एन्झाइमांची ऑक्सिजनची भूक फार मोठी आहे, साध्या मीडियममध्ये विरघळतो त्याहूनही जास्त. म्हणून ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी त्यांचा वेग घटतो. श्वसनाच्या शेवटच्या टप्प्यावरच्या सायटोक्रोम ऑक्सिडेजला मात्र अगदी शिंतोडाभर ऑक्सिजन पुरतो. त्यामुळे हिफ वर आलं म्हणजे पेशी गुदमरली, असं समजू नका. तिच्या मायटोकाँड्रिया अजून व्यवस्थित चालू असू शकतात.

तिसरी पायरी: मीडियमची खोली मोजा

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

सहा खणांच्या प्लेटचा एक खण साधारण ९.५ चौरस सेंटिमीटरचा. त्यात २ मिलिलिटर मीडियम घातलं की वर २ मिलिमीटरचा थर होतो. शनिवार-रविवार सुटीला गावी जायचं म्हणून कुणी ४ मिलिलिटर घालतं, थर ४ मिलिमीटर होतो. पेशीला हा फरक केवढा पडतो?

ऑक्सिजन मीडियममध्ये विरघळतो तो फारच थोडा. पुण्याच्या इनक्युबेटरमध्ये समतोल झाल्यावर तो साधारण १७५ मायक्रोमोलर असतो. तिथून तळापर्यंत तो स्वतःहून झिरपत जातो, आणि थर दुप्पट झाला की पोचण्याचा कमाल वेग निम्मा होतो. एका चौरस सेंटिमीटरवर १ लाख पेशी आहेत असं धरा. २ मिलिमीटरच्या थरातून प्रत्येक पेशीच्या वाट्याला सेकंदाला जास्तीत जास्त २३० अ‍ॅटोमोल (मोलच्या अब्जांशाचा अब्जांश म्हणजे एक अ‍ॅटोमोल) ऑक्सिजन येऊ शकतो. पेशीचा खप १०० अ‍ॅटोमोल असेल तर तळाशी आंशिक दाब १३१ वरून ७५ च्या आसपास येतो, म्हणजे साडेदहा टक्के. पडद्यावर साधी हवा, पेशीपाशी निम्मी. आता थर ४ मिलिमीटरचा करा. तळाशी २० मिलिमीटर पारा उरतो, म्हणजे ३ टक्क्यांहून कमी. सुटीला जाताना घातलेल्या दोन मिलिलिटरांनी तुमचा "नॉर्मॉक्सिया" कंट्रोल (साध्या हवेतला तुलनेचा नमुना) हायपोक्सियाच्या दाराशी नेऊन ठेवला.

हा हिशेब मीडियम अजिबात हलत नाही असं धरून केलेला आहे. प्रत्यक्षात तापमानातल्या फरकाने थोडं ढवळतं, म्हणून घट जरा कमी असते. दिशा मात्र हीच. खप पेशीगणिक खूप बदलतो. फायब्रोब्लास्ट कमी खातात, यकृताच्या पेशी याच्या कितीतरी पट खातात. त्यांना जाड थराखाली ठेवलं तर साध्या हवेतही त्या शून्याच्या जवळ जातात.

आता तोच हिशेब १ टक्क्यावर करा. पुण्यात १ टक्का म्हणजे ७ मिलिमीटर पारा. २ मिलिमीटरच्या थरातून पेशीच्या वाट्याला येणार १२-१३ अ‍ॅटोमोल, आणि तिला लागतात १००. दाट वाढलेल्या पेशींच्या डिशला तुम्ही १ टक्का दिला, तरी तळाशी जवळजवळ काहीच उरत नाही. शेजारच्या डिशमध्ये पेशी विरळ असतील तर त्यांना खरोखर अर्धा-पाऊण टक्का मिळत असेल. दोन डिश, एकच पेटी, एकच आकडा, आणि दोन वेगळे प्रयोग. दोन विद्यार्थ्यांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा मी आधी त्यांची पेशींची संख्या आणि मीडियमचं माप विचारते. बऱ्याचदा भांडण तिथेच मिटतं.

म्हणून नियम असा: पेशी मोजूनच पेरा, मीडियमचं माप सगळ्या खणांत सारखं ठेवा, आणि प्रयोगाच्या दिवशी डिश पेशींनी ६०-७० टक्क्यांहून जास्त भरलेली नको. शक्य असेल तर तळापाशी बसणारा प्रकाशीय सेन्सर असलेली प्लेट एकदा तरी वापरून पाहा. रंगद्रव्याची चमक ऑक्सिजनने विझते, त्यावर तो मोजतो. जुना क्लार्क इलेक्ट्रोड स्वतःच ऑक्सिजन खातो, त्यामुळे अशा लहान जागेत तो सोयीचा नाही.

चौथी पायरी: साधन कुठलं?

तीन वायूंचा इनक्युबेटर नायट्रोजन सोडून ऑक्सिजन खाली ढकलतो. रोजच्या कामाला हे चांगलं, पण दार उघडलं की हवा आत येते आणि पुन्हा खाली उतरायला वेळ लागतो. हातमोजे लावलेलं बंद वर्कस्टेशन सगळ्यात उत्तम, कारण मीडियम बदलणं आणि काढणी (तपासणीसाठी पेशी काढणं) दोन्ही आतच होतं. ते महाग असतं. कॉलेजच्या लहान प्रयोगशाळेसाठी झाकणबंद चेंबर पुरतं. त्यात प्लेट आणि पाण्याची बशी ठेवायची, तयार मिश्रणाच्या सिलिंडरने काही मिनिटं वायू सोडायचा, क्लिप लावायची आणि चेंबर साध्या इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. तासाभराने पुन्हा एकदा वायू सोडा, कारण तोवर मीडियम आणि प्लास्टिक या दोघांतून ऑक्सिजन बाहेर आलेला असतो.

मेणबत्तीच्या बरणीबद्दल कुणीतरी विचारतंच. मलेरियाच्या परजीवीची वाढ १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी अशाच बरणीत केली होती, म्हणून ती प्रसिद्ध आहे. पण ज्योत १६-१७ टक्क्यांवरच विझते. हायपोक्सियाच्या कामाला ती निरुपयोगी आहे.

कोबाल्ट क्लोराइड किंवा डीएमओजी हे रसायन घालून हिफ वर आणता येतं. वेस्टर्न ब्लॉटवर (पेशीतलं एखादं प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) खात्रीचा कंट्रोल म्हणून ते जरूर ठेवा. पण त्याला हायपोक्सिया म्हणू नका. त्या डिशमध्ये ऑक्सिजन भरपूर असतो, फक्त खूण करणारे एन्झाइम बंद पडलेले असतात. कोबाल्ट तर वर विषारीही आहे.

नायट्रोजनबद्दल मी आवाज चढवूनच बोलते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो कोंडलेल्या खोलीत साठला तर माणसाला काही जाणवायच्या आत शुद्ध हरपते. धाप लागते ती कार्बन डायऑक्साइड साठल्याने. नायट्रोजनमध्ये तो साठत नाही, म्हणून धोक्याची जाणीवच होत नाही. खोलीत ऑक्सिजनचा अलार्म हवा, १९.५ टक्क्यांना वाजणारा. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला हवा. रात्री एकट्याने सिलिंडर बदलायचा नाही. कुणी बेशुद्ध पडलेलं दिसलं तर आत धावत जायचं नाही, आधी दारं उघडायची आणि मदत बोलवायची. वाचवायला गेलेला माणूसही पडतो.

पाचवी पायरी: आदला दिवस

बाटलीतलं मीडियम हवेने भरलेलं असतं. ते १ टक्क्याच्या पेटीत नेऊन पेशींवर ओतलं तर त्यांना पहिले काही तास हायपोक्सिया मिळतच नाही. म्हणून आदल्या रात्री मीडियम मोठ्या, उथळ डिशमध्ये ओतून कमी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवायचं. उंच बाटलीत ठेवून उपयोग नाही. पॉलिस्टायरीनच्या प्लेटमध्येही ऑक्सिजन मुरलेला असतो, म्हणून रिकाम्या प्लेट आणि पिपेटच्या टिपाही आदल्या दिवशी आत ठेवलेल्या बऱ्या.

वार बघून प्रयोग लावा. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. पुष्कळदा पाणी बंद असतं, काही भागांत वीजही जाते. जनरेटरवर इनक्युबेटर चालतो, पण वीज जाऊन येण्याच्या मधल्या झटक्यात काही यंत्रं ऑक्सिजनचं सेटिंग विसरतात आणि साध्या हवेवर परत येतात. ४८ तासांचा प्रयोग मंगळवारी संध्याकाळी सुरू करू नका. शुक्रवारी सुरू करा, आणि रविवारी यायची तयारी ठेवा.

सहावी पायरी: काढणी

पहिल्या वर्षी मी तीन महिने कोरे ब्लॉट काढले. तेव्हा इनक्युबेटर एका खोलीत आणि बर्फ, बफर, सेंट्रिफ्यूज दुसऱ्या खोलीत. मी प्लेट काढायची, गॅलरीतून न्यायची, निवांत धुवायची, मग लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) घालायची. सगळं मिळून वीस मिनिटं. ब्लॉटवर हिफ ओळखणारं प्रतिपिंड खराब आहे असं समजून दुसरं मागवलं, मग तिसरं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, "हिफचं अर्धायुष्य माहिती आहे ना?" साध्या हवेत ते पाच मिनिटांच्या आसपास आहे. माझ्या वीस मिनिटांत चार अर्धायुष्यं संपत होती आणि जेमतेम सोळावा भाग उरत होता. महागडी प्रतिपिंडं, महिने, पेशी, सगळं त्या गॅलरीत सांडलं होतं. तेव्हापासून ही पायरी मी प्रत्येकाला शेजारी उभं राहून करून दाखवते.

बर्फ आणि बफर पेटीच्या शेजारी आणा. शक्य असेल तर बफर पेटीच्या आतच ठेवा. एका वेळी एकच प्लेट बाहेर काढा. मीडियम ओता, बर्फासारखा थंड बफर घालून एकदाच धुवा, लगेच लायसिस बफर घाला. दार उघडल्यापासून साठ-सत्तर सेकंदांत हे झालं पाहिजे. घड्याळ लावून रिकाम्या प्लेटवर दोनदा सराव करा. पेशी ट्रिप्सिनने सोडवत बसू नका, खरवडून काढा. आणि ब्लॉटवर पट्टा ९३ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) जागी शोधू नका. हिफ-१ अल्फा ११० ते १२० च्या दरम्यान धावतं. खालचा भलताच पट्टा बघून खूश झालेले मी पुष्कळ पाहिलेत.

वेळही जुळवा. हिफ-१ अल्फा बघायचं असेल तर चार ते सहा तास चांगले. त्याच्यामुळे चालू होणारी जनुकं, उदाहरणार्थ ग्लुट-१ किंवा व्हीईजीएफ, यांच्यासाठी २४ तास द्या. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९ हेही हिफमुळे चालू होणाऱ्या जनुकाचं प्रथिन, आणि ते टिकाऊ असतं, ते गॅलरीतला प्रवास सोसतं. म्हणून हिफ आणि हे प्रथिन दोन्ही २४ तासांच्या एकाच नमुन्यात बघा. हिफ नाही पण कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९ भरपूर, असं दिसलं तर हायपोक्सिया नीट मिळाला होता, बहुधा काढणीत उशीर झाला. दोन्ही नसतील तर आधी पेटी तपासा, मग त्या पेशीमालेत हे जनुक मुळात चालू होतं का ते पाहा.

आणि साध्या हवेतल्या कंट्रोलमध्येच कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९ दिसलं तर? हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेली एक जुनी पेशीमाला) दाट वाढल्या की हे हमखास होतं. घाबरू नका, तिसऱ्या पायरीवर परत जा.

शेवटी मीडियमचा रंग

कमी ऑक्सिजनमध्ये पेशी ग्लुकोज जास्त जाळतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. २४ तासांत मीडियममधलं फेनॉल रेड हे आम्लता दाखवणारं रंगद्रव्य पिवळं पडलं असेल, तर तुम्ही हायपोक्सियासोबत आम्लता आणि उपासमार यांचाही प्रयोग केलात. पीएच आणि ग्लुकोज मोजा. गरज पडली तर पेशी कमी पेरा किंवा आधीपासून तयार ठेवलेलं मीडियम पेटीच्या आतच बदला. सगळ्या गटांत मीडियम एकाच वेळी बदलायचं, कंट्रोलमध्येही.

वहीत प्रत्येक प्रयोगाखाली मी मुलांना या गोष्टी लिहायला लावते: त्या दिवशीचा स्थानिक दाब, पेटीचा आकडा आणि स्वतंत्र सेन्सरचा आकडा, खणाचं क्षेत्रफळ, मीडियमचं माप आणि त्यावरून थराची खोली, पेरताना आणि काढताना पेशींची संख्या, मीडियम किती तास आधी आत ठेवलं होतं, दार किती वेळा उघडलं, आणि दार उघडल्यापासून लायसिसपर्यंत किती सेकंद गेले. "१ टक्का, २४ तास" एवढंच लिहून वही पुढे आली की मी ती परत करते.